पुढची लाट कधी? साथीचे आकडे काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत

एका वाचकाचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. थोडक्यात तो असा: "२०२१ च्या दुसऱ्या लाटेआधी देशात इतके तज्ज्ञ होते, इतकी गणिती मॉडेल्स होती, तरी ती लाट कोणाला का दिसली नाही? माझ्याकडे आमच्या जिल्ह्याचे कोरोनाचे रोजचे आकडे पहिल्या दिवसापासून एक्सेलमध्ये आहेत. त्यावरून पुढची लाट कधी येईल, किती मोठी असेल आणि कधी ओसरेल, हे काढायची खात्रीची पद्धत सांगा."

मी रोगसर्वेक्षणाचं काम करते आणि कोरोनाच्या तिन्ही लाटांत माझा बहुतेक वेळ अशाच तक्त्यांसमोर गेला. म्हणून सविस्तर लिहिते. या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकत्र आले आहेत. आज साथ नेमकी कुठे आहे? येत्या दोन आठवड्यांत ती कुठे जाईल? आणि पुढची लाट कधी येईल? पहिल्याचं उत्तर कष्टाने, पण बऱ्यापैकी मिळतं. दुसऱ्याचं उत्तर "इतके ते इतके" अशा पट्ट्यात देता येतं. तिसऱ्याचं उत्तर जुन्या आकड्यांच्या रांगेत मुळात नसतंच. विषाणूत काय बदल होतोय, लोकांच्या शरीरात किती प्रतिकारशक्ती उरली आहे आणि लोक एकमेकांना किती भेटतात, यावर ते ठरतं. लोक बहुतेक वेळा तिसरा प्रश्न विचारतात. दवाखाने आणि यंत्रणा यांना उपयोग होतो तो पहिल्या दोन उत्तरांचा.

पहिल्यापासून सुरू करू. पोर्टलवर आज दिसणारा आकडा आजचा नसतो. मूळ विषाणूच्या काळात संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच-सहा दिवस लागत. ओमायक्रॉनमध्ये हा काळ तीन दिवसांच्या आसपास आला. लक्षणं दिसली तरी माणूस एक-दोन दिवस घरीच काढतो. मग स्वॅब देतो. प्रयोगशाळेवर ताण असेल तर अहवालाला आणखी दोन दिवस जातात, आणि त्यानंतर कधीतरी नोंद होते. म्हणजे आपण आज जी पाहतो ती आठ-दहा दिवसांपूर्वीची साथ. मृत्यूंचा आकडा त्याहूनही मागे असतो. पाणलोटातला पाऊस थांबल्यावरही धरणाची पातळी वाढत राहते, तसंच हे. देशात नव्या रुग्णांचा उच्चांक ६ मे २०२१ ला झाला, एका दिवसात ४ लाख १४ हजारांहून अधिक. मृत्यूंचा ४,५२९ हा आकडा जाहीर झाला १९ मे रोजी. रुग्ण कमी होत असताना आयसीयू भरलेलेच कसे, असं तेव्हा लोक कळवळून विचारत होते. त्याचं उत्तर या दोन तारखांमधल्या अंतरात आहे.

त्यात भर नोंदीच्या तारखेची. १० जून २०२१ ला देशात एका दिवसात ६,१४८ मृत्यू दाखवले गेले. त्या दिवशी साथ उसळली नव्हती. बिहारने जुन्या नोंदींची पडताळणी करून जवळपास चार हजार मृत्यू एकदम यादीत घातले होते. महाराष्ट्रातही जुन्या मृत्यूंची भर अशी टप्प्याटप्प्याने पडत होती. असा आकडा न तपासता मॉडेलला दिला तर मॉडेल नवी लाट दाखवणारच, त्यात मॉडेलचा दोष नाही.

म्हणून तुमच्या एक्सेलमध्ये सर्वांत आधी हे बघा की तारखेचा रकाना कशाचा आहे. रुग्णांच्या लाईन लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक रुग्णाची एक ओळ असलेल्या यादीत, चार वेगवेगळ्या तारखा असू शकतात: लक्षणं सुरू झाली ती, स्वॅब घेतला ती, अहवाल आला ती आणि पोर्टलवर नोंद झाली ती. बातम्यांत येणारा आकडा चौथ्या तारखेचा असतो. साथ समजून घ्यायला पहिली तारीख सर्वांत उपयोगाची, पण ती बऱ्याच ओळींत रिकामी असते किंवा सगळ्यांना एकच तारीख टाकलेली असते. तशी स्थिती असेल तर स्वॅबची तारीख धरा. ती प्रयोगशाळेच्या फॉर्मवर असतेच.

स्वॅबच्या तारखेने आलेख काढला की एक नवा सापळा समोर येतो. शेवटचे तीन-चार दिवस कायम उतरते दिसतात. उदाहरण घ्या. सोमवारी दिलेल्या स्वॅबांपैकी अखेर २०० पॉझिटिव्ह निघणार आहेत. मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्यातले ८० अहवाल हाती आले, बुधवारपर्यंत १५०, आणि शुक्रवारी २०० पूर्ण झाले. मंगळवारच्या स्वॅबांचंही तसंच. बुधवारी आलेख काढणाऱ्याला सोमवारचा खांब १५० चा आणि मंगळवारचा ८० चा दिसतो. तो म्हणेल, साथ निम्म्यावर आली. प्रत्यक्षात ती जिथे होती तिथेच आहे. यावर उपाय साधा आहे, पण शिस्त लागते: रोज संध्याकाळी तक्ता जसा असेल तसा वेगळ्या नावाने जतन करायचा, जुना कधी पुसायचा नाही. महिनाभराचे असे तक्ते शेजारी ठेवले की कळतं, आपल्या जिल्ह्यात पहिल्या दिवशी ४० टक्के अहवाल येतात, दुसऱ्या दिवसापर्यंत ७५ टक्के. मग बुधवारी मंगळवारचे ८० दिसले की त्याला ०.४ ने भागायचं; २०० येतात. याला आम्ही नाऊकास्टिंग म्हणतो. माझ्या मते जिल्हा पातळीवर एकच गणित शिकायचं असेल तर ते हे. भविष्याच्या अंदाजांतल्या कितीतरी चुका खरं तर वर्तमान चुकीचा वाचल्याने होतात.

वर्तमान असं दुरुस्त झालं की वेग मोजायचा. रविवारी चाचण्या कमी होतात, म्हणून सोमवार-मंगळवारचा आकडा पडतो. रोजच्या आकड्यांची तुलना करू नका. या आठवड्याची बेरीज भागिले मागच्या आठवड्याची बेरीज, एवढंच करा. मागच्या आठवड्यात ४०० आणि या आठवड्यात ६०० असतील तर गुणोत्तर १.५. हाच वेग राहिला तर रुग्ण साधारण १२ दिवसांत दुप्पट होतात. गुणोत्तर २ असेल तर सात दिवसांत, १.२ असेल तर जवळपास २७ दिवसांत.

टीव्हीवर ज्या "आर"ची, म्हणजे एक रुग्ण सरासरी किती जणांना संसर्ग देतो त्या आकड्याची, चर्चा व्हायची तो याच गुणोत्तरातून निघतो, पण त्यासाठी आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते: एका रुग्णाकडून दुसऱ्याला संसर्ग व्हायला सरासरी किती दिवस लागतात. हे अंतर पाच दिवस धरलं तर आठवड्याच्या १.५ या गुणोत्तरातून आर येतो सुमारे १.३४. तीन दिवस धरलं तर सुमारे १.१९. तोच आलेख, तीच वाढ, पण आर वेगळा. डेल्टा आणि ओमायक्रॉनची तुलना करताना हे अनेकदा विसरलं गेलं. ओमायक्रॉन इतका झपाट्याने पसरला त्याचं एक कारण त्याच्या पिढ्यांमधलं अंतर कमी होतं, आणि दुसरं म्हणजे आधी संसर्ग झालेल्यांना किंवा लस घेतलेल्यांनाही तो पुन्हा गाठू शकत होता. म्हणून मी जिल्ह्याच्या बैठकीत आर सांगणं टाळते आणि दुपटीचे दिवस सांगते. ते सगळ्यांना कळतात आणि त्यात गृहीतकं कमी असतात.

पॉझिटिव्हिटीबद्दल सावध राहा. शंभर चाचण्यांमागे किती पॉझिटिव्ह, हे प्रमाण चाचण्या कोणाच्या केल्या यावर अवलंबून असतं. बसस्थानकावर सरसकट अँटिजेन चाचण्या केल्या की ते खाली येतं. फक्त लक्षणं असलेल्यांच्या आरटीपीसीआर केल्या की वर जातं. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये ५ टक्क्यांचा निकष दिला. महाराष्ट्राने जून २०२१ मध्ये निर्बंध शिथिल करताना पाच स्तर ठरवले, ते पॉझिटिव्हिटी आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा या दोन्हींवर. हा दुहेरी निकष मला पटला होता, कारण पॉझिटिव्हिटी चाचण्यांच्या धोरणाने हलते, भरलेली खाट सहसा हलत नाही. जानेवारी २०२२ मध्ये तर हे उघडच दिसलं. १० जानेवारीला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) नवी सूचना काढली की रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना लक्षणं नसतील आणि ते जोखमीच्या गटात नसतील तर चाचणीची गरज नाही. घरच्या घरी करायच्या किट दुकानांत मिळत होत्या, त्यांचे निकाल बहुतेक वेळा कुठेच नोंदले जात नव्हते. त्यामुळे पहिल्या लाटेतले १०० रुग्ण आणि तिसऱ्या लाटेतले १०० रुग्ण ही एकाच मापाने मोजलेली संख्या नव्हे. तुमच्या एक्सेलमध्ये पहिल्या दिवसापासूनची सलग रेघ दिसते, पण ती मोजणारी पट्टी मध्येच बदललेली आहे. अशा प्रत्येक बदलाची तारीख तक्त्यात शेजारी लिहून ठेवा.

आता देशाच्या आलेखाकडे येऊ, कारण दुसरी लाट का दिसली नाही याचं अर्धं उत्तर तिथे आहे. देशाची लाट म्हणजे शेकडो स्थानिक लाटांची बेरीज, आणि त्या एकाच वेळी येत नाहीत. दुसऱ्या लाटेत मुंबईचा एका दिवसाचा उच्चांक ४ एप्रिल २०२१ ला झाला, ११,१६३. महाराष्ट्राचा १८ एप्रिलला, ६८ हजारांहून अधिक. देशाचा ६ मे रोजी. मुंबई उतरू लागली होती तेव्हा दिल्ली आणि उत्तरेकडची राज्यं चढावर होती, आणि दक्षिणेत तर मे महिना वाईट गेला. ओमायक्रॉनमध्येही मुंबईने ७ जानेवारी २०२२ ला २०,९७१ चा आकडा गाठला आणि देशाचा उच्चांक त्यानंतर दोन आठवड्यांनी, जवळपास साडेतीन लाखांवर झाला.

याची उलट बाजू अशी की बेरजेत सुरुवात लपते. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशाचा आकडा रोज १०-१२ हजारांवर होता. सप्टेंबर २०२० च्या ९७ हजारांवरून तिथे आला म्हणून सगळीकडे सुटकेचा निःश्वास होता. त्याच महिन्यात विदर्भात आठवड्याचं गुणोत्तर झपाट्याने वाढत होतं. महिन्याच्या उत्तरार्धात अमरावती शहर आणि अचलपूरमध्ये टाळेबंदी करावी लागली. बाकीच्या राज्यांतली घट आणि विदर्भातली वाढ एकमेकांना कापत होती, त्यामुळे देशाची रेघ आडवी दिसत होती. साथीत आडवी रेघ फार फसवी असते. एकूण आकडा स्थिर असेल तेव्हा मी आधी तालुके आणि वॉर्ड वेगळे करून बघते आणि किती ठिकाणी गुणोत्तर १ च्या वर आहे ते मोजते. सलग दोन आठवडे ही ठिकाणं वाढत गेली, तर एकूण आकडा काही म्हणो, मी ती वाढ मानते.

उरलेलं अर्धं उत्तर मॉडेल्सचं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की उच्चांक सप्टेंबरमध्ये होऊन गेला आहे आणि खबरदारी चालू राहिली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ बहुतांश आटोक्यात येईल. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे ३० टक्के लोकांना संसर्ग झाला होता आणि फेब्रुवारीपर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर जाऊ शकत होतं. यातला "खबरदारी चालू राहिली तर" हा भाग लोकांपर्यंत पोहोचला नाही, "साथ संपणार" एवढाच पोहोचला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. आयसीएमआरने डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळात रक्तातल्या प्रतिपिंडांचं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याच्या खुणेचं, तिसरं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. त्यात हे प्रमाण साधारण २१ टक्के निघालं. म्हणजे पाचांपैकी जवळपास चार जणांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली नाहीत. हा निष्कर्ष फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच जाहीर झाला होता. साथ विझायला इंधन संपावं लागतं, आणि इंधन भरपूर शिल्लक आहे हे त्या एका आकड्यात स्पष्ट होतं. माझ्या दृष्टीने दुसऱ्या लाटेआधीची सर्वांत दुर्लक्षित माहिती हीच.

सर्वेक्षणाची सरासरीही जपून वापरायची असते. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं मिळाली, तर इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. एकाच वॉर्डात दोन वेगळ्या साथी चालू होत्या. सरासरी काढून पुढचा अंदाज बांधला असता तर तो दोन्ही वस्त्यांसाठी चुकला असता.

मॉडेल्सच्या मुळाशी जे समीकरण आहे त्याचा मुंबईशी जुना संबंध आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये ते मांडलं. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले डॉक्टर होते. त्यांनी आपली वक्ररेषा ताडून पाहिली ती मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंवर, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या. रेषा आकड्यांवर सुंदर बसली. पण प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत पसरतो आणि त्याला ऋतू असतो. समीकरणात यातलं काहीच नव्हतं. झालेल्या लाटेवर रेषा चपखल बसली म्हणजे कारणं बरोबर पकडली असं होत नाही. एका लाटेचा आकार जवळपास कोणत्याही घंटेसारख्या रेषेत बसवता येतो. पुढची लाट येते ती समीकरणातले स्थिरांक, म्हणजे विषाणू किती सहज पसरतो यासारखे आकडे, बदलल्यामुळे, आणि ते कधी बदलतील हे समीकरणाला माहीत नसतं.

२०२१ मध्ये हे स्थिरांक बदलले डेल्टाने. त्या घराण्याचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधले, भारतातलेच आहेत. पण त्या काळात आपल्याकडे जनुकीय क्रमनिर्धारण, म्हणजे विषाणूचे जनुक वाचून त्याचा प्रकार ओळखणं, फारच थोड्या नमुन्यांचं होत होतं. देशातल्या दहा प्रयोगशाळांना जोडणारं इन्साकॉग डिसेंबर २०२० च्या अखेरीस उभं राहिलं. विदर्भात रुग्ण वाढत असताना ते नमुने कोणत्या प्रकारचे आहेत हे त्याच आठवड्यात कळलं असतं आणि ते सर्वेक्षणाच्या २१ टक्क्यांशेजारी ठेवलं गेलं असतं, तर मेची तारीख कोणी सांगू शकलं नसतं, पण मार्चच्या सुरुवातीला ऑक्सिजनची तयारी सुरू करण्याइतका इशारा नक्की मिळाला असता. ते तीन-चार आठवडे किती जिवांचे होते, याचा विचार मनातून जात नाही.

तिसऱ्या लाटेबद्दलचा एक अंदाजही तपासण्यासारखा आहे, कारण त्यातून विचार कसा करायचा ते कळतं. २०२१ च्या मे-जूनमध्ये सगळीकडे म्हटलं जात होतं की पहिली लाट ज्येष्ठांची, दुसरी तरुणांची, म्हणजे तिसरी मुलांची. पालक अक्षरशः भेदरले होते. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एकूण ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. ६ ते ९ वर्षांच्या मुलांत सुमारे ५७ टक्के आणि १० ते १७ वयात सुमारे ६२ टक्के. मुलांचं लसीकरण तेव्हा सुरू झालेलं नव्हतं, म्हणजे हा सगळा संसर्गाचा पुरावा. निम्म्याहून अधिक मुलांना आधीच संसर्ग होऊन गेला होता आणि मुलांचे वॉर्ड त्या प्रमाणात भरले नव्हते. मग पुढच्या लाटेत विषाणू मुलांनाच शोधून गाठेल याला आधार काय? तो नव्हता, आणि तसं झालंही नाही. "पुढच्या लाटेत अमुक गटाला धोका" असं कोणी म्हणालं की दोन आकडे मागायचे: त्या गटात आतापर्यंत किती जणांना संसर्ग झाला आणि त्यातले किती दवाखान्यात आले.

प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा सौम्य असते किंवा दुसरी लाट नेहमी मोठी असते, असेही नियम नाहीत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची मुंबईतली जूनची लाट तुलनेने सौम्य होती आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची भयंकर. कोरोनात दुसरी सर्वांत जीवघेणी ठरली आणि तिसरीत रुग्ण प्रचंड असूनही मृत्यू खूप कमी झाले. संसर्ग आणि लसीकरण यांतून आलेली प्रतिकारशक्ती आणि विषाणूचा स्वभाव, दोन्ही मिळून ते ठरलं.

मग तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे "पुढची लाट कधी"चं काय करायचं? तारीख सांगता येत नाही, पण चाहूल घेता येते, आणि तिचे स्रोत रुग्णसंख्येच्या बाहेर असतात. ओमायक्रॉनचं उदाहरण बघा. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला त्याची माहिती दिली, २६ तारखेला नाव पडलं, २ डिसेंबरला भारतातले पहिले दोन रुग्ण कर्नाटकात जाहीर झाले. मुंबईचा उच्चांक ७ जानेवारीला. म्हणजे पहिल्या बातमीपासून सहा आठवडे मिळाले. शिवाय काही आरटीपीसीआर किटमध्ये ओमायक्रॉनच्या पहिल्या उपप्रकाराचा एस जनुक सापडत नसे, बाकीचे जनुक सापडत. त्यामुळे संपूर्ण क्रमनिर्धारणाची वाट न पाहता रोजच्या अहवालांतूनच त्याचा वाटा मोजता आला. पुढे बीए.२ मध्ये ही खूण राहिली नाही, म्हणून अशा सोप्या खुणेवर कायमचं विसंबता येत नाही. सांडपाण्यातल्या विषाणूचं मोजमाप हा दुसरा स्रोत. मुंबईत पोलिओसाठी सांडपाण्याचे नमुने अनेक वर्षं तपासले जात होते. कोरोनात हैदराबाद, बंगळुरू, पुणे इथे ही पद्धत वापरली गेली. चाचणीला कोण आलं आणि कोण नाही याचा त्यावर परिणाम होत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र पावसाळ्यात सांडपाणी पातळ होतं, आणि जिथे बंद गटारं नाहीत तिथे तिचा फारसा उपयोग नाही. तुमचा जिल्हा बहुतांश ग्रामीण असेल तर या स्रोताची आशा कमीच ठेवा.

आता दुसरा प्रश्न, येत्या दोन आठवड्यांचा. इथे गणित खरोखर कामाचं आहे, कारण दोन आठवड्यांनी जे दवाखान्यात येतील त्यातल्या अनेकांना संसर्ग आज किंवा उद्याच होतोय. त्यापलीकडे अंदाज झपाट्याने ढासळतो. जगभरच्या अनुभवात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: अनेक मॉडेल्सचा एकत्रित अंदाज एकेकट्या मॉडेलपेक्षा बहुधा जास्त भरवशाचा असतो, आणि चौथ्या आठवड्याचा अंदाज पहिल्यापेक्षा फार वाईट असतो. सर्वांत जास्त चूक उच्चांकाच्या आसपास होते. कारण लोक घाबरून घरी बसू लागतात, निर्बंध लागतात, चाचण्यांची क्षमता संपते, आणि हे सगळं त्याच आठवड्यांत घडतं.

म्हणून मी उच्चांकाची तारीख काढत बसत नाही. खाटा काढते. समजा या आठवड्यात जिल्ह्यात ७०० नवे रुग्ण आहेत आणि गुणोत्तर १.५ आहे. दोन आठवड्यांनी आठवड्याचे रुग्ण होतील साधारण १,५७५, म्हणजे रोज २२५. त्यातल्या ५ टक्क्यांना ऑक्सिजन लागतो आणि एक रुग्ण सरासरी ८ दिवस खाट अडवतो असं धरू. २२५ चे ५ टक्के म्हणजे रोज साधारण ११, गुणिले ८, म्हणजे ९० खाटा. हे मधलं उत्तर. आता गुणोत्तर १.२ धरून तेच करा: सुमारे ५८ खाटा. २ धरून करा: १६०. बैठकीत सांगायचं ते असं: दोन आठवड्यांनी ५८ ते १६० ऑक्सिजन खाटा लागतील, ९० धरून चाला आणि १६० ची सोय कुठून होईल ते आजच ठरवा. हे ५ टक्के आणि ८ दिवस मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे तुमच्याच दवाखान्यांच्या गेल्या तीन-चार आठवड्यांच्या नोंदींतून घ्या आणि दर आठवड्याला ताजे करा. दुसऱ्या लाटेतला टक्का तिसरीत वापरला असता तर अंदाज कित्येक पट फुगला असता.

दर सोमवारी असा पट्टा लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांनी प्रत्यक्ष आकडा त्याच्याशेजारी मांडा. खरा आकडा पट्ट्याबाहेर वारंवार जात असेल तर पट्टा रुंद करा. अंदाज देणारा कोणीही असो, जुने अंदाज आणि त्यांचे निकाल तो दाखवत नसेल तर त्याच्या नव्या अंदाजावर खाटा ठरवू नका.

मृत्यूंसाठी एक वेगळी खिडकी ठेवा: जन्म-मृत्यू नोंदणीतले सर्व कारणांचे मृत्यू. देशात २०१९ मध्ये नोंदलेले मृत्यू सुमारे ७६ लाख होते, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. नोंदणी सुधारल्यानेही काही वाढ होते, त्यामुळे ही सगळी वाढ कोरोनाची म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ साठी भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला तेव्हा केंद्र सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. नेमकी संख्या कोणतीही असो, तुमच्या तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या नोंदी महिन्यांनुसार मांडल्या की तुमच्या रुग्णतक्त्यात न दिसलेली लाट कुठे होती ते दिसतं.

थोडक्यात तुमच्या फाईलचं काय करायचं ते सांगते. तारखेचा रकाना ठरवा, तालुके वेगळे करा, चाचण्यांचे नियम बदलले त्या तारखा लिहा, आठवड्याचं गुणोत्तर काढा. मागच्या तीन लाटांत कोणत्या तालुक्यात गुणोत्तर सर्वांत आधी १ च्या वर गेलं ते शोधा. बाजारपेठेचा किंवा महामार्गावरचा एखादा तालुका प्रत्येक वेळी पुढे असण्याची बरीच शक्यता आहे. तसा सापडला तर तो तुमचा पहारेकरी.

एक अडचण मात्र आता आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं आणि चाचण्या नाममात्र उरल्या. मे-जून २०२५ मध्ये रुग्ण पुन्हा वाढले तेव्हा देशातल्या सक्रिय रुग्णांचा आकडा ७ हजारांच्या पुढे गेला होता, पण इतक्या कमी चाचण्यांवरून साथीचा आकार काढणं शक्य नव्हतं. त्यामुळे रोजच्या रुग्णसंख्येचा रकाना पुढे भरत बसण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयात तीव्र श्वसनविकाराने, म्हणजे "सारी"ने, दर आठवड्याला किती जण दाखल होतात हा आकडा मिळवा. कोरोना असो, इन्फ्लुएंझा असो की एखादा नवा विषाणू, वाढ तिथे दिसते. त्यातल्या निदान काही रुग्णांचे नमुने दर आठवड्याला तपासणीला जातात का, हे जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना विचारा. जात नसतील तर ते सुरू व्हावं म्हणून पाठपुरावा करा. तुमच्याकडे आकडे सांभाळण्याची चिकाटी आहेच. ती या रकान्याला दिलीत तर पुढच्या वाढीच्या वेळी तुमच्या जिल्ह्याला लवकर कळेल.